उंदीर असताना मासा का? झेब्राफिश आणि मेंदूच्या आजारांची गोष्ट

पीएचडीच्या मुलाखतीत मला विचारलेला पहिला प्रश्न हाच होता. एमएस्सी नुकतीच संपली होती, संशोधन प्रस्तावात मी "झेब्राफिशमध्ये अपस्माराचा अभ्यास" असं लिहिलं होतं, आणि समितीतल्या एका सरांनी कागद बाजूला ठेवून विचारलं, "उंदीर असताना मासा का?" मी पाठ केलेलं उत्तर दिलं. पारदर्शक असतो, स्वस्त पडतो, अंडी भरपूर देतो, माणसाशी सत्तर टक्के जनुकं जुळतात. सर म्हणाले, "हे गूगलवर पण आहे. या माशामुळे मेंदूच्या आजाराबद्दल असं काय कळलं, जे त्याच्याशिवाय कळलं नसतं?" मी गप्प. प्रवेश मिळाला, पण प्रश्न डोक्यात राहिला.

तुम्ही सध्या नेट-गेटच्या, मुलाखतींच्या तयारीत असाल तर हा प्रश्न तुम्हालाही येणार आहे. मासा नसेल तर माशी, कृमी, यीस्ट, काहीही असेल. म्हणून आज या माशाचा इतिहास थोडा निवांत सांगते. फायद्यांची यादी तुम्हाला कुठेही मिळेल. कोणी, कोणत्या प्रश्नासाठी हा मासा हातात घेतला आणि कुठे फसले, हे एका जागी सहसा सापडत नाही.

सुरुवात आपल्याकडूनच होते. झेब्राफिश मूळचा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. संथ ओहोळ, पाण्याची डबकी, भातखाचरं ही त्याची राहायची ठिकाणं. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेला स्कॉटिश डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन याने गंगा आणि तिच्या उपनद्यांमधल्या माशांवर १८२२ साली एक ग्रंथ छापला. त्यात या निळ्या पट्ट्यांच्या, जेमतेम तीन-चार सेंटिमीटरच्या माशाची शास्त्रीय नोंद आहे. 'डॅनिओ' हे नाव बंगालीतल्या 'धानी'वरून आलं असं मानतात, म्हणजे भातशेतीतला. पुढे तो शोभेचा मासा म्हणून युरोप-अमेरिकेच्या काचेच्या टाक्यांत पोहोचला. १९३४ साली चार्ल्स क्रीसर यांनी भ्रूणशास्त्रासाठी त्याची अंडी कशी मिळवायची यावर लिहिलं, पण त्यातून मोठी चळवळ वगैरे काही उभी राहिली नाही.

खरी गोष्ट सुरू होते जॉर्ज स्ट्राइसिंगर यांच्यापासून. जन्म १९२७, बुडापेस्ट. नाझींच्या सावटामुळे कुटुंब न्यूयॉर्कला आलं. शिक्षणानंतर त्यांनी नाव कमावलं ते बॅक्टेरिओफाजवर, म्हणजे जिवाणूंना खाणाऱ्या विषाणूंवर. फाजवर काम करणाऱ्याला एक चैन असते. रात्री प्रयोग लावा, सकाळी कोट्यवधी संतती तयार. त्यात दहा लाखांत एखादा म्युटंट असला तरी तो सापडतो.

साठच्या दशकात या फाजवाल्या मंडळींमध्ये एक अस्वस्थता होती. जनुक म्हणजे काय हे बऱ्यापैकी कळलं, आता पुढचा मोठा प्रश्न मेंदू. सेमूर बेंझर फळमाशीकडे वळले, सिडनी ब्रेनर यांनी एक मिलिमीटरचा कृमी निवडला. स्ट्राइसिंगर यांना मात्र पाठीचा कणा असलेला प्राणी हवा होता, कारण त्यांना कणा असलेल्या प्राण्यांची मज्जासंस्था जनुकांतून समजून घ्यायची होती. ते ओरेगॉन विद्यापीठात होते, माशांचा छंद होता, आणि झेब्राफिश दुकानात मिळत होते. आजही जगभर वापरलं जाणारं 'एबी' हे वाण त्यांनी दुकानातून आणलेल्या माशांपासूनच तयार झालं.

म्हणजे बघा, मेंदूचा विषय या माशाला नंतर चिकटवलेला नाही. मासा प्रयोगशाळेत आला तोच मेंदूसाठी. मुलाखतीत मला एवढं माहीत असतं तरी पुरलं असतं.

अडचण अशी होती की फाजचा हिशोब माशाला लावायचा कसा. बहुतेक म्युटेशन अप्रभावी असतात. आई आणि बाप दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच परिणाम दिसतो. ते बघायला दोन-तीन पिढ्या लागतात आणि एक पिढी म्हणजे साधारण तीन महिने. स्ट्राइसिंगर यांनी यावर काढलेली युक्ती मला अजूनही फार आवडते. शुक्राणूंवर अतिनील किरण सोडायचे. त्यांचा डीएनए निकामी होतो, पण अंड्याला 'सुरू हो' एवढा इशारा ते देऊ शकतात. मग त्या अंड्यात फक्त आईचे गुणसूत्र, तेही एकेकच. असं पिल्लू काही दिवसांत मरतं. पण योग्य मिनिटाला अंड्यांना उष्णतेचा धक्का दिला किंवा पाण्याचा प्रचंड दाब दिला तर एक विभाजन चुकतं, गुणसूत्रं दुप्पट होतात आणि पिल्लू जगतं. आता त्याच्या प्रत्येक जनुकाच्या दोन्ही प्रती तंतोतंत सारख्या. लपलेला दोष लगेच बाहेर. हा निबंध १९८१ साली 'नेचर'मध्ये आला. काम साठच्या दशकाच्या अखेरीस सुरू झालं होतं. दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल भरणाऱ्या माझ्यासारखीला हा अवधी ऐकूनच धाप लागते.

स्ट्राइसिंगर १९८४ साली अचानक गेले. काम त्यांच्या सहकाऱ्यांनी, विशेषतः चार्ल्स किमेल आणि माँटी वेस्टरफील्ड यांनी, टिकवलं. वेस्टरफील्ड यांनी मासे पाळण्यापासून सगळं सांगणारी पुस्तिका तयार केली आणि मागेल त्याला माहिती दिली. ही गोष्ट लहान वाटते, पण नवा प्राणी प्रयोगशाळेत रुजतो तो अशानेच. नर-मादी संध्याकाळी एका टाकीत मधे पडदा लावून ठेवायचे, सकाळी दिवा लागला की पडदा काढायचा, आणि तळाशी काचेच्या गोट्या पसरायच्या. गोट्या कशाला? हे मासे स्वतःचीच अंडी खातात. अंडी गोट्यांच्या फटीत पडली की वाचतात. आता जाळीचे ट्रे मिळतात, पण गोट्यांची पद्धत कळली तेव्हा मला अंगणातला खेळच आठवला.

पुढचा टप्पा जर्मनीतला. ट्यूबिंगनच्या क्रिस्टियाने न्यूस्लाइन-फोलहार्ड यांनी फळमाशीत भ्रूणाची घडण ठरवणारी जनुकं शोधली होती, ज्यासाठी १९९५ चं नोबेल त्यांना विभागून मिळालं. तीच पद्धत त्यांनी माशाला लावली. नरांना म्युटेशन घडवणारं रसायन द्यायचं, पिढ्या वाढवायच्या, आणि सूक्ष्मदर्शकाखाली लाखो पिल्लं बघत बसायचं. कोणाचं हृदय बिघडलंय, कोणाचा कणा वाकडा, कोण शेपटीला हात लावला तरी हलत नाही. समांतर काम बोस्टनमध्ये वोल्फगांग ड्रीव्हर आणि मार्क फिशमन यांच्या गटांनी केलं. डिसेंबर १९९६ मध्ये 'डेव्हलपमेंट' या नियतकालिकाचा अख्खा अंक या कामाला वाहिलेला होता. एका अंकात ३७ निबंध! रक्ताचा रंग हरवलेल्या म्युटंटना शार्दोने, झिनफँडेल अशी वाइनची नावं दिली आहेत. नाशिकच्या वाचकांना आवडेल.

पण इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. जे डोळ्यांना दिसतं तेच या शोधात सापडलं. स्किझोफ्रेनिया किंवा स्वमग्नता चार दिवसांच्या पारदर्शक पिल्लात 'दिसणार' कशी? मग संशोधकांनी वर्तन मोजायला सुरुवात केली. पिल्लाभोवती काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा दंडगोल फिरवला की निरोगी पिल्लाचे डोळे पट्ट्यांमागे जातात आणि झटकन परत येतात. आपण एसटीच्या खिडकीतून विजेचे खांब बघताना डोळ्यांचं होतं तसंच. ज्याचे डोळे तसं करत नाहीत, त्याच्या दृष्टीत किंवा मेंदूत काहीतरी वेगळं आहे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात हेरविग बायर यांच्या गटाला अशा शोधात एक म्युटंट मिळाला. त्याचे डोळे हालचाल सुरू करायचे, मग दमल्यासारखे थांबायचे. बिघाड निघाला मज्जापेशींतल्या सोडियम वाहिनीच्या जनुकात, एससीएन१एलएबी. ही २०१० ची गोष्ट.

आता याच विद्यापीठातली दुसरी प्रयोगशाळा. स्कॉट बराबान अपस्मारावर काम करायचे. २००५ साली त्यांच्या गटाने दाखवलं होतं की पीटीझेड नावाचं आकडी आणणारं रसायन पाण्यात घातलं की माशाच्या पिल्लालाही आकडी येते. आधी ते जोरात पोहायला लागतं, मग भोवऱ्यासारखं गोल फिरतं, मग अंग ताठून कलंडतं. मेंदूत सूक्ष्म इलेक्ट्रोड घातला तर विजेचे तसेच झटके नोंदले जातात. मी हे पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा आत्या म्हणाली, "माशाला फेफरं येतं? आणि त्याला कांदा कोण हुंगवतं?" (फेफरं आलेल्याला कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, हे जाता जाता. कुशीवर वळवा आणि वेळ मोजा.)

माणसात एससीएन१ए या जनुकाची एक प्रत बिघडली की ड्रावे सिंड्रोम होऊ शकतो. फ्रान्सच्या डॉक्टर शार्लोट ड्रावे यांनी १९७८ मध्ये त्याचं वर्णन केलं, जनुकाशी संबंध २००१ मध्ये बेल्जियममधल्या गटाने जोडला. बाळ वर्षाचं व्हायच्या आत, बहुतेकदा तापात, पहिली आकडी येते. मग येतच राहते. नेहमीची काही औषधं, विशेषतः सोडियम वाहिनी बंद करणारी, आजार वाढवतात. वाढ खुंटते, चालणं-बोलणं मागे पडतं, आणि झोपेत अचानक मृत्यूची टांगती तलवार असते.

डोळे दमणारा तो मासा म्हणजे नेमका याच जनुकाचा भाऊ. बराबान यांच्या गटाने तपासलं तर त्या पिल्लांना तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून आपोआप, कोणतंही रसायन न घालता, आकडी येत होती. डोळ्यांच्या अभ्यासासाठी सापडलेला म्युटंट अपस्माराचा मॉडेल निघाला. मग त्यांनी ३२० औषधांचा साठा एकेक करून या पिल्लांवर तपासला. एका प्लेटमध्ये ९६ खळगे, प्रत्येकात एक पिल्लू, वर कॅमेरा. उंदरांवर हेच करायला किती पिंजरे, किती वर्षं लागतील याचा हिशोब तुम्हीच करा. २०१३ साली निकाल छापला. क्लेमिझोल नावाचं, पन्नासच्या दशकातलं, ॲलर्जीवरचं जुनं औषध आकडी थांबवत होतं.

इथे मी जरा थांबते, कारण याच जागी मी स्वतः आपटले आहे. पहिल्या वर्षी मी एक संयुग तपासत होते. पीटीझेड घातलेली पिल्लं नुसती धावत होती, आणि संयुग घातलं की शांत. आलेख इतका सुंदर आला की मी तो मोबाइलवर मैत्रिणीला पाठवला. दुसऱ्या दिवशी एका सीनियरने प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि विचारलं, "हृदयाचे ठोके मोजलेस?" पिल्लं शांत नव्हती, मरायला टेकली होती. ठोके निम्म्यावर आले होते. बराबान यांच्या २०१३ च्या निबंधात दोन टप्पे का आहेत हे मला त्या दिवशी कळलं. हालचाल कमी झाली हा फक्त पहिला गाळ. झोप आणणारं, लुळं पाडणारं, विषारी, सगळंच त्यातून पुढे येतं. म्हणून दुसऱ्या टप्प्यात मेंदूतली वीज प्रत्यक्ष मोजायची. निबंध वाचताना असे टप्पे आपण 'पद्धती' म्हणून उडवतो. उडवू नका.

क्लेमिझोलचं पुढे काय झालं? प्रयोगशाळेतून निघालेलं औषध दशक उलटलं तरी मानवी चाचण्यांच्या पायऱ्या चढत होतं. दरम्यान त्याच गटाने दाखवलं की ते सेरोटोनिनच्या ग्राहकांमार्फत काम करत असावं, म्हणून त्या ग्राहकांवरच चालणारं लॉरकॅसेरिन हे वजन कमी करायचं औषध पाच मुलांना विशेष परवानगीने दिलं. २०१७ च्या निबंधानुसार काहींच्या आकड्या कमी झाल्या. पण २०२० च्या फेब्रुवारीत कर्करोगाच्या शंकेमुळे लॉरकॅसेरिन अमेरिकेच्या बाजारातूनच काढलं गेलं. त्याच वर्षी जूनमध्ये ड्रावेसाठी फेनफ्लुरामिनला तिथे मंजुरी मिळाली. तेही सेरोटोनिनवरच चालतं, आणि म्युटंट माशांतही ते आकडी कमी करतं.

ही कथा ऐकवताना अनेक जण म्हणतात, "बघा, माशाने औषध शोधलं." असं म्हणू नका, मुलाखतीत तर नाहीच. फेनफ्लुरामिन बेल्जियमच्या डॉक्टरांनी रुग्णांमध्ये आधीच वापरलेलं होतं, मासा नंतर आला. माशाचं श्रेय दुसरं आहे. सेरोटोनिनची वाट त्याने स्वतंत्रपणे, क्लेमिझोलच्या बाजूने, दाखवली आणि ती डॉक्टरांच्या अनुभवाशी जुळली. सरांच्या प्रश्नाला मी आज हे उत्तर देईन. ते 'सत्तर टक्के'पेक्षा लहान आहे, पण खरं आहे.

'सत्तर टक्के'बद्दलही बोलून घेऊ. झेब्राफिशचा जीनोम २०१३ मध्ये 'नेचर'मध्ये आला. त्यातलं विधान असं आहे की माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना माशात निदान एक तरी जोडीदार जनुक आहे, आणि आजारांशी संबंधित म्हणून नोंदलेल्या जनुकांत हे प्रमाण ८२ टक्के. याचा अर्थ मासा सत्तर टक्के माणूस आहे असा होत नाही. हाडं असलेल्या या माशांच्या पूर्वजात संपूर्ण जीनोम एकदा दुप्पट झाला होता. त्यामुळे माणसातल्या एका जनुकाचे माशात कधी दोन भाऊ असतात. ड्रावेचंच बघा. माणसात एक प्रत बिघडली तरी आजार, माशात दोन्ही प्रती बिघडल्याशिवाय आकडी दिसत नाही, कारण दुसरा भाऊ सांभाळून घेतो. शिवाय म्युटंट पिल्लं दोन आठवड्यांच्या आतच मरतात. म्हणजे मोठेपणी येणारी शिकण्यातली अडचण त्यांच्यात बघताच येत नाही.

पार्किन्सनमध्ये तर आणखी पंचाईत. त्या आजारात मेंदूच्या पेशींत अल्फा-सायन्युक्लीन या प्रथिनाचे गोळे होतात. झेब्राफिशमध्ये बीटा आणि गॅमा सायन्युक्लीन आहे, अल्फा नाहीच. माणसासारखा थरांचा मेंदूचा बाह्यक म्हणजे कॉर्टेक्सही नाही. स्किझोफ्रेनियासाठी म्हणून हार्वर्डमध्ये २०१९ साली एका गटाने आजाराशी जोडलेल्या १३२ जनुकांचे म्युटंट बनवले आणि प्रत्येकाच्या मेंदूचा आकार, हालचाल तपासली. त्यांनी 'स्किझोफ्रेनिक मासा' बनवल्याचा दावा केला नाही. यातलं कोणतं जनुक मेंदूत काही करतं, कुठे करतं, एवढाच प्रश्न विचारला, आणि म्हणून ते काम वापरण्यासारखं झालं. स्वमग्नतेशी जोडलेल्या सीएनटीएनएपी२ या जनुकावरचं येलचं २०१६ चं कामही त्याच धाटणीचं.

फसगतीचा सर्वांत मोठा धडा मात्र जनुक बंद करण्याच्या पद्धतीतला. २००० साली मॉर्फोलिनो हे तंत्र माशात आलं. एका पेशीच्या अवस्थेत सुईने थेंबभर टोचा, तीन दिवसांत 'जनुक बंद केलेलं' पिल्लू तयार. पंधरा वर्षं जगभर निबंधांचा पाऊस पडला. मग क्रिस्परसारख्या तंत्रांनी खरे म्युटंट बनवणं सोपं झालं, आणि २०१५ मध्ये नेथन लॉसन यांच्या गटाने दोन्हींची तुलना छापली. मॉर्फोलिनोने दिसलेल्या बिघाडांपैकी बहुसंख्य खऱ्या म्युटंटमध्ये दिसलेच नाहीत. त्याच वर्षी दिदिएर स्टेनिए यांच्या गटाने दुसरी बाजू दाखवली. कायमचा म्युटंट असेल तर इतर जनुकं भरपाई करू शकतात, त्यामुळे म्युटंट ठीक दिसला म्हणून मॉर्फोलिनो दरवेळी खोटंच होतं असंही नाही. आमच्याकडचे एक पोस्टडॉक तेव्हा दुसऱ्या ठिकाणी पीएचडीच्या चौथ्या वर्षात होते. प्रबंधाची तीन प्रकरणं मॉर्फोलिनोवर. म्युटंट बनवून सगळं पुन्हा करायला त्यांना आणखी दोन वर्षं लागली. ते हे हसून सांगतात, पण त्या दोन वर्षांतली शेवटची दहा महिने फेलोशिप नव्हती.

एवढं असूनही मी मासाच का धरून आहे? एका गोष्टीसाठी, जी दुसरीकडे मिळत नाही. २०१३ मध्ये मिशा आरेन्स आणि फिलिप केलर यांनी पिल्लाच्या मेंदूतल्या सुमारे एक लाख मज्जापेशींपैकी ८० टक्क्यांहून जास्त पेशींची हालचाल एकाच वेळी टिपली, दर १.३ सेकंदाला संपूर्ण मेंदूचं एक चित्र. पेशी पेटली की चमकेल असं प्रथिन आणि प्रकाशाची पातळ चादर, एवढ्यावर. आकडी कुठून सुरू होते आणि कोणत्या वाटेने पसरते हे कवटी न उघडता, जिवंत मेंदूत बघायचं असेल तर उंदीर इथे हरतो.

आणि मासा आता परत घरी आला आहे. दिल्लीच्या आयजीआयबीने आसाममधून पकडलेल्या जंगली झेब्राफिशचा जीनोम वाचला. बंगळुरूच्या एनसीबीएसमध्ये त्याच्या लहान मेंदूवर काम चालतं. मुंबईत टीआयएफआर, पुण्यात आघारकर संशोधन संस्था इथेही त्याच्या टाक्या आहेत, तिथले विषय त्वचा, हृदय असे वेगळे. उन्हाळी प्रशिक्षणासाठी अर्ज करत असाल तर आधी मासेघर बघायची परवानगी मागा. २८ अंश तापमान, चौदा तास उजेड, दहा तास अंधार, आणि ओल्या खाद्याचा वास. तो वास तुम्हाला रोज सहन होईल का, हे अर्जाआधी कळलेलं बरं.

वाचायला सुरुवात स्ट्राइसिंगर यांच्या १९८१ च्या निबंधापासून करा. चारच पानं आहेत. मग बराबान २०१३, आणि लगेच त्यामागे लॉसन २०१५. शेवटचा उघडाल तेव्हा पूरक तक्तेही उघडा, आणि तुमच्या आवडीचं जनुक त्यात आहे का ते शोधा.